प्रोजेक्ट पोरीचा की आईचा?

भाकरी थापून झाली असेल तर बसून ऐका, झाली नसेल तर थापता थापता ऐका. आजचं बोलणं शाळेतल्या प्रोजेक्टबद्दल आहे. तुम्ही म्हणाल, हा तर पोरांचा विषय, आम्हाला कशाला? पण प्रोजेक्ट शाळेत मिळतो आणि रात्री अकरा वाजता घरात कोण जागं असतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटाची मासिक बैठक होती. बचत जमा झाली, हप्ते आले आणि एका बाईने अंतर्गत कर्ज मागितलं. किती? चारशे रुपये. कशासाठी? तर पोरीच्या प्रोजेक्टसाठी. पोरगी सातवीत होती. शाळेने तालुक्यातल्या एखाद्या ऐतिहासिक ठिकाणाचं मॉडेल करून आणायला सांगितलं होतं. बाजारातल्या एका दुकानात अजिंठा लेण्यांचं तयार मॉडेल मिळत होतं. थर्माकोलचं, रंगवलेलं, वर चमकी लावलेलं, किंमत चारशे.

मला हसू आलं, आणि मग वाईटही वाटलं. अजिंठा लेणी आपल्याच सोयगाव तालुक्यात आहेत. अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात, म्हणून बाहेरचे लोक चुकतात, पण लेणी आपल्याकडे. जगभरातून लोक विमानाने येऊन ती बघतात. आणि तालुक्यातली पोरगी त्या लेण्यांचं थर्माकोल विकत आणणार, तेही गटाच्या पैशातून, व्याजाने!

पण त्या बाईला नावं ठेवायचा मला अधिकार नव्हता, कारण तेच पाप मी आधी केलेलं होतं. माझी मुलगी सहावीत असताना तिला पवनचक्कीचा प्रोजेक्ट होता. शुक्रवारी सांगितला, सोमवारी द्यायचा. तिने एक पातं कापलं, ते वाकडं झालं, ती रडायला लागली. मी म्हटलं, सरक तिकडे. रात्री दीड वाजेपर्यंत बसून मी पवनचक्की केली. काय सुंदर झाली होती! प्रदर्शनात पाहुण्यांनी माझ्या मुलीला एकच प्रश्न विचारला, "बाळा, पाती तिरकी का लावलीस?" ती खाली बघत राहिली. उत्तर मला येत होतं, पण मी तर भिंतीला टेकून मागे उभी होते. त्या दिवशी पवनचक्कीला नंबर मिळाला आणि घरी येईपर्यंत पोरगी माझ्याशी बोलली नाही.

म्हणून त्या बैठकीत मी म्हटलं, कर्ज देऊ, पण एक आठवडा थांबू. आधी पोरीला लेणी तर दाखवू.

सोयगावहून एसटीने फर्दापूर, पुढे फाट्यावरून लेण्यांपर्यंत जाणाऱ्या बसगाड्या असतात. सोमवारी लेणी बंद, हे लक्षात ठेवा, नाहीतर हेलपाटा होतो. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं. माय, लेक आणि मी, तिघी गेलो. चारशेपेक्षा पुष्कळ कमी पैसे लागले.

पोरीला एवढंच सांगितलं होतं की वही-पेन्सिल घे आणि जे दिसेल ते काढ. आधी तिने एका सरळ रेषेत चौकोन काढले, कारण दुकानातलं मॉडेल तसंच होतं. मग आम्ही समोरच्या टेकडीवरच्या व्ह्यू पॉइंटला गेलो आणि ती थबकली. खाली वाघूर नदी वळण घेते, आणि कडा घोड्याच्या नालासारखा वाकलेला आहे. लेणी त्या वाकणावर, काही वर, काही खाली. तिने आधीचं पान फाडलं. मला वाटतं तिचा प्रोजेक्ट तिथे सुरू झाला.

दुसरी अडचण मापाची. लेणी एकूण तीस, अर्धवट राहिलेली धरून. कड्याची उंची साधारण ७६ मीटर, आणि लेणी ज्या वळणावर आहेत त्याची लांबी साधारण साडेपाचशे मीटर. म्हणजे उंचीच्या सातपट लांबी. पोरीने घरी येऊन एक वीत उंच कडा करायचं ठरवलं, तर लांबी सात वीत झाली. तेवढा पाट घरात नाही! मग तिने स्वतःच उंची अर्ध्यावर आणली. कडा सहा बोटं उंच, वळण साडेतीन वीत. गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा तिच्या पुस्तकात होता, परीक्षेत तिला त्यात बरे मार्कही नव्हते. पण पाट लहान पडला तेव्हा तोच धडा तिला अडलेल्या ठिकाणाहून बाहेर काढायला लागला.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. तिने शेतातली काळी माती आणून कडा केला. दोन दिवसांत तो उन्हाळ्यातल्या कपाशीच्या रानासारखा भेगाळला. पुन्हा केला, पुन्हा भेगा. आईला राहवेना. ती मला म्हणाली, "ताई, थर्माकोलच आणते आता, पोरगी जेवत नाही." मी म्हटलं, थांब, तुझ्या सासूला विचारू दे तिला.

म्हातारी खाटेवरून म्हणाली, "काळी माती फुटणारच की गं. पांढरी माती घे, भुसा घाल, शेण घाल, रात्रभर मुरू दे." किती घालायचं? "अंदाजाने." पोरीला अंदाज लिहिता येईना. मग तिने वाटीने मोजून तीन लहान गोळे केले. एकात भुसा कमी, एकात बेताचा, एकात जास्त. तिन्ही सावलीत वाळवले. कमी भुशाचा फुटला, जास्त भुशाचा ठिसूळ झाला, मधला टिकला. चार वाट्या माती, एक वाटी भुसा, अर्धी वाटी शेण. आजीच्या हातातला अंदाज पहिल्यांदाच वहीत उतरला. विज्ञानात याला प्रयोग म्हणतात, एक गोष्ट बदलायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तीन गोळे समोर असले की ते आपोआप कळतं.

मग तिच्या बाईंनी वर्गात सांगितलं की अजिंठ्याच्या भिंतींवर चित्रं काढण्याआधी मातीचा लेप दिलेला आहे, त्यात धान्याचा भुसा आणि वनस्पतींचे धागे मिसळलेले आहेत, वर चुन्याचा पातळ थर आणि त्यावर रंग. हे ऐकून पोरगी धावत घरी आली. आजीला म्हणाली, "माय, तुझंच सारवण आहे तिथं!" दीड हजार वर्षं टिकलेल्या चित्रांखाली आपल्या घरातल्या भिंतीसारखीच कारागिरी आहे, हे त्या म्हातारीला ऐंशी वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

नंबर? नाही मिळाला. नंबर दिवे लावलेल्या एका तयार मॉडेलला मिळाला. मी खोटं सांगणार नाही, पोरगी रडली. पण तिच्या टेबलाशी पाहुणे वीस मिनिटं उभे होते. विहार कोणते आणि चैत्य कोणते, हे तिने बोट ठेवून सांगितलं. ९, १०, १९, २६ आणि २९ हे चैत्य, म्हणजे प्रार्थनेचे. बाकीची लेणी भिक्षूंनी राहायची. एकानेही तिला पाठ केलेलं विचारलं नाही आणि तिने पाठ केलेलं सांगितलंही नाही.

आता थोडं बाहेरचं सांगते, कारण ही काही माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, हातकामातून शिक्षण. ते पुष्कळ ठिकाणी चरख्यापुरतंच उरलं. पण आपल्या महाराष्ट्रात एका माणसाने ते वेगळ्या तऱ्हेने करून दाखवलं. डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेत शिकून आलेले शास्त्रज्ञ, मुंबईत मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रात मोठ्या जागेवर. ती नोकरी सोडून ते पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात गेले आणि १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या पत्नी मीराताईही सोबत. शाळेत मन न रमलेली, नापास झालेली मुलंही तिथे आली, आणि वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी करता करता शिकली.

त्यातूनच शाळांसाठी एक अभ्यासक्रम झाला. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस हाताचं काम. चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. सगळं मुलींनाही आणि मुलांनाही. मुलगी वेल्डिंग करणार, मुलगा चिक्की करणार. राज्याच्या मंडळानेही या विषयाला मान्यता दिली.

मला त्यातली सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळी आहे. तिथे मुलं गावासाठी खरं काम करतात आणि त्याचे पैसे घेतात. कुणाला लोखंडी स्टूल हवं, कुणाला मातीची तपासणी हवी, कुणाला रक्तातलं हिमोग्लोबिन बघायचं. आता बघा, शाळेत प्रोजेक्ट चुकला तर दोन मार्क जातात. स्टूल डुगडुगलं तर गिऱ्हाईक परत आणून देतं. मग मोजमाप का चुकलं, हे शोधावंच लागतं. चमकी लावून भागत नाही. १९९३ च्या लातूर-किल्लारी भूकंपानंतर विज्ञान आश्रमाने तिथे घुमटाच्या आकाराची घरं उभी केली. त्रिकोण जोडून केलेला घुमट, हलका आणि भक्कम. भूमितीतला त्रिकोण माणसाच्या डोक्यावरचं छप्पर झाला. ज्याने तो बांधला, तो त्रिकोण विसरेल का?

आपल्याकडे प्रत्येक शाळेत वर्कशॉप नाही, मान्य. पण अडचण खरी असली की साधी वस्तूही पुरते. त्याच पोरीचं पुढचं सांगते.

आठवीत तिने पर्जन्यमापक केला. सरळ अंगाची बरणी, वर मोठं नरसाळं, बाजूला चिकटवलेली पट्टी. पाऊस झाला की मिलिमीटर वाचायचे आणि लिहायचे. तिचा आकडा पेपरात आलेल्या आपल्या मंडळाच्या आकड्याच्या दुप्पट यायला लागला. एकदा आलं तर म्हणता येतं की आपल्या शिवारात जास्त पडला. पण प्रत्येक वेळी दुप्पटच? ती मला विचारायला आली. मला काय डोंबल कळतंय! मी म्हटलं, परातीत पडलेलं पाणी तांब्यात ओतून बघ.

मी सहज बोलून गेले, पण गोम तिथेच होती. रुंद परातीत बोटभर असलेलं पाणी उभ्या तांब्यात ओतलं की वीतभर दिसतं. तिच्या नरसाळ्याचं तोंड दहा सेंटिमीटर आणि बरणी सात सेंटिमीटर रुंद. दहा दाहे शंभर, साती साती एकोणपन्नास. म्हणजे पाणी दुप्पट क्षेत्रावर गोळा होत होतं आणि निम्म्या जागेत मोजलं जात होतं. तिने नरसाळं काढून टाकलं आणि आकडा जुळायला लागला. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र तिला आता झोपेतून उठवून विचारा.

नववीत जलसुरक्षा नावाचा विषय आहे. त्यात तिने घराच्या पत्र्याचं पाणी मोजायला घेतलं. हे तुम्हीही करून बघा. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. त्यांचा पत्रा वीस फूट बाय पंधरा फूट, म्हणजे तीनशे चौरस फूट, साधारण २८ चौरस मीटर. दहा मिलिमीटरच्या एका चांगल्या सरीत २८० लिटर. उडालेलं, गळालेलं वजा केलं तरी सव्वादोनशे लिटरच्या आसपास. पंधरा लिटरचा हंडा धरला तर पंधरा हंडे.

तिची आई हा आकडा ऐकून गप्प बसली. पंधरा हंडे म्हणजे तिच्या किती खेपा, हे तिला मोजावं लागलं नाही. त्या पावसाळ्यात त्यांच्या घराला पन्हळ आली आणि खाली टाकी आली. पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून द्यायचं, पुढचं धुण्याला, जनावरांना वापरायचं. पन्हळीसाठी मात्र तिने गटातून कर्ज घेतलं आणि आम्ही एका मिनिटात मंजूर केलं.

मैत्रिणींनो, आता आपलं काय काम, ते बोलू. मूल अडलं की आपला जीव तुटतो आणि आपण काम हातातून काढून घेतो. मी तेच केलं होतं. पण शिकणं होतं ते नेमकं त्या अडलेल्या वेळात. म्हणून हात लावू नका, पण जवळ बसा. उत्तर सांगू नका, "आधी काय करून पाहिलंस?" एवढं विचारा. कापणं, विस्तव, वीज असेल तिथे मात्र मोठ्या माणसानेच हात घालायचा, त्यात तडजोड नको. आणि मला लिहितावाचता येत नाही, मी काय मदत करणार, असं म्हणू नका. त्या म्हातारीला अक्षर येत नव्हतं, आणि अख्ख्या प्रोजेक्टचा जीव तिच्याकडेच होता.

अवघड म्हणजे अशक्य नव्हे, हेही बघा. शुक्रवारी सांगून सोमवारी मागितलेल्या प्रोजेक्टात मूल काहीच शिकत नाही, दुकानदार तेवढा कमावतो. याबद्दल घरात कुरकुरण्यापेक्षा शाळा व्यवस्थापन समितीत बोला. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे त्या समितीत तीनचतुर्थांश पालक असायला हवेत आणि निम्म्या बायका. आपल्यातल्या कितीजणी त्यात आहेत आणि सही करून गप्प उठून येतात! पाच प्रोजेक्टांऐवजी सत्रात एकच द्या, महिनाभर वेळ द्या, सजावटीला मार्क देऊ नका, एवढं म्हणायला इंग्रजी लागत नाही. शिक्षकांवरही कामाचा बोजा आहे, म्हणून भांडून नको, समजावून बोला.

२०२० च्या शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितली आहे. सुतार, कुंभार, माळी अशा कारागिरांकडून मुलांनी शिकायचं. मग पापडाचा गट, शिलाईचा गट का नको? आपणच मुख्याध्यापकांना जाऊन सांगू, एक दिवस पोरं आमच्याकडे पाठवा. हिशेब, वजन, पॅकिंग, भाव, सगळं त्यांना मोजायला लावू. केंद्र सरकारची इन्स्पायर मानक नावाची योजनाही आहे. शाळेने मुलाची नवीन कल्पना पाठवली आणि ती निवडली गेली तर नमुना बनवायला दहा हजार रुपये मुलाच्या खात्यावर येतात. तुमच्या शाळेने यंदा कुणाची कल्पना पाठवली, हे विचारून बघा.

एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्या पोरींना वेळ कुठे असतो? भाऊ प्रोजेक्ट करत बसला तर त्याला चहा नेऊन देतो आपण, आणि पोरगी बसली की "भांडी कोण घासणार?" असं आपल्याच तोंडून निघतं. पर्जन्यमापक रोज सकाळी ठरल्या वेळी बघावा लागतो. त्या पोरीची ती दहा मिनिटं तिच्या आईने चार महिने सांभाळली. केर राहिला तर राहिला.

ती पोरगी आता अकरावीत आहे. गेल्या महिन्यात आईऐवजी ती गटाच्या बैठकीला आली होती. बसल्या बसल्या माझी हिशेबाची वही चाळली आणि म्हणाली, "मावशी, या हप्त्याचं व्याज चुकलंय." बावीस रुपयांचा फरक. मी तीनदा मोजलं. बरोबर तिचंच होतं. खाडाखोड करून मी आकडा दुरुस्त केला आणि शेजारी तिची सही घेतली.